यशया मिस्त्रीचं बधिरपण

नगर जिल्ह्यात त्या काळी दोनच गोष्टींवर लोकांचा पुरता भरवसा होता. यंदाही पाऊस दगा देणार ही एक, आणि यशया मिस्त्रीचा कान ही दुसरी.

माळीवाडा वेशीबाहेर आप्पासाहेबांची मोटारींची एजन्सी होती आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यशया हेड मिस्त्री होता. एजन्सी हॅलिडे मोटार कंपनीची, आणि तिथले नोकर ठेवायचे-काढायचे तेही कंपनीच्या हुकमानं. ही कंपनी म्हणजे केवढी, तर विलायतेतल्या तिच्या कारखान्यात म्हणे एका दारातून लोखंड आत टाकलं की दुसऱ्या दारातून मोटार बाहेर यायची, आणि तिच्यात ड्रायव्हर आधीच बिडी ओढत बसलेला असायचा. सुटे भाग खोक्यांतून मुंबईला यायचे, शिवडीला जुळायचे आणि तिथून गाडीचा सांगाडा नगरला. त्यावर सागवानी टप बसवायचा तो नगरच्या सुतारांनी. कंपनीचा छाप गरुडाचा होता. पण नगरकरांनी त्याला एकदा पाहिलं आणि 'कोंबडा छाप' ठरवून टाकलं, ते कायमचं.

तर यशयाचा कान. मिरजगावकडून येणारी लॉरी वेशीपासून कोसभर लांब असतानाच तो सांगायचा की दुसरा सिलिंडर मार खातोय आणि ड्रायव्हरनं सकाळी पिठलं खाल्लंय. सिलिंडरचं एक वेळ चुकायचं, पिठल्याचं कधी चुकलं नाही. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात असताना त्यानं म्हणे रांगेत उभे असलेले चाळीस ट्रक नुसते थोपटून त्यातले तीन बाजूला काढले होते. गोऱ्या साहेबानं ते तिन्ही उघडले, तर तिन्हींच्या पोटात दुखणं. साहेबानं टोपी काढली. आता खरं म्हणाल तर टोपी उन्हामुळं काढली असेल, पण नगरात ती यशयासाठीच काढली असं मानतात.

या कानामुळं एजन्सीत एक रीत पडली होती. नवी गाडी घेणारं गिऱ्हाईक कागदावर सही नंतर करायचं. आधी यशयानं गाडी जॅकवर घ्यायची, पुढचं चाक काढायचं आणि ज्या दांड्यावर ते चाक फिरतं त्या आसावर हातोडी मारायची. चांगला आस घंटेसारखा टण्ण वाजतो. आत चीर असली तर फुटक्या मडक्यासारखा थप्प करतो. यशया ऐकायचा आणि एकच शब्द बोलायचा, "वाजतीय." त्या एका शब्दावर कोपरगावपासून कर्जतपर्यंत मोटारी धावत होत्या.

त्याची बायको रेबेका गेली सेहेचाळीसच्या दिवाळीत, विषमज्वरानं. डॉक्टर म्हणाले होते, शंभरातले पंच्याऐंशी बरे होतात, काळजी करू नका. यशयानं काळजी केली नाही. नंतर रडलाही नाही. मातीच्या दिवशी पाळकबुवांच्या शेजारी खांबासारखा उभा राहिला, लोकांशी हात मिळवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शेडमध्ये हजर झाला. तेव्हापासून तो तसाच होता. कान शाबूत, हात शाबूत. बाकीचा माणूस कुठं गेला, कुणाला पत्ता नव्हता.

गांधीलमाशी चावली तरी त्यानं मान वळवली नाही. माशीच ओशाळून उडून गेली. फाटकाबाहेर चहा विकणाऱ्या छबूबाईनं तर पैज लावून त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यानं बशी पुसून ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर झाला, तेव्हा छबूबाईच डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मुडद्या, एकदा तरी थूक की रं!" यशया म्हणाला, "का?" पुढं तिनं साखर घातली, तीही त्याला कळली नाही.

एजन्सीचे कारकून दत्तोपंत यांना याचं वाईट वाटायचं. दत्तोपंत म्हणजे सरळ माणूस, फक्त लिहायला बसला की वाकडा व्हायचा. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात स्वराज्य आलं तशी त्यांनी प्रतिज्ञा केली की यापुढं कंपनीला इंग्रजीत ओळ लिहिणार नाही. लिहीन तर शुद्ध मराठीत. कंपनीकडून नोकरांच्या माहितीचा तक्ता आला. 'प्रकृती' या रकान्यात यशयाच्या नावापुढं त्यांनी पाच मिनिटं विचार करून सुंदर अक्षरात लिहिलं, 'पत्नीच्या निधनापासून बधिर.'

मुंबईत तो तक्ता वाचला सुमंतांनी. सुमंत हे कंपनीचे विक्रीचे साहेब. मराठी माणूस, पण हापिसातला. त्यांनी समासात लाल पेन्सिलीनं खूण केली, 'हेड मिस्त्री बहिरा', आणि तक्ता फायलीत लावला.

सत्तेचाळीस साल संपायला आलं होतं. नाताळ आठ दिवसांवर होता. त्या सकाळी सुमंत साहेब नगरला आले ते बरोबर गोरक्षनाथ नावाच्या फिटरला घेऊन. गोरक्षनाथ मूळचा संगमनेरकडचा, शिवडीच्या कारखान्यात दहा वर्षं घासलेला. शेडमध्ये सहा नव्या गाड्या उभ्या होत्या. पहिली तयार होती, टप रंगवून, काचा पुसून. बाजूला लिहिलेलं होतं 'नगर – मिरजगाव'. ती भिमाजीची. दुपारी पूजा आणि लगेच पहिली फेरी.

आप्पासाहेब परगावी होते आणि दत्तोपंत हारांची व्यवस्था बघायला बाहेर गेले होते. यशया गाडीच्या पुढच्या अंगाला उकिडवा बसून ग्रीस भरत होता. सुमंत त्याच्यासमोर वाकले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "काऽय मिऽस्त्री! ठीऽक आहे?"

यशयानं वर पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा ग्रीस भरू लागला. हल्ली सगळेच त्याच्याशी काहीतरी विचित्र वागत. त्याला त्याचं काही वाटत नसे.

"बघितलंस?" सुमंत गोरक्षनाथला म्हणाले. "ठार बहिरा. हं, नंबर बघ."

गोरक्षनाथ चाकाशी वाकला. आसाच्या टोकाला मालाच्या खेपेचं बारीक अक्षर ठोकलेलं होतं. "के," तो म्हणाला. मग दुसऱ्या गाडीपाशी गेला. "ह्येबी के." सहाही गाड्या बघून तो परत आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब, समदा के चाच माल हाय की हितं."

"माहीत आहे."

"मिलिट्रीच्या गाड्यांचे आपन बदलले. सरकारी कचेरीच्या जीपांचे बदलले. मग ह्येंचे?"

"हळू बोल," सुमंत सवयीनं म्हणाले, मग यशयाकडं पाहून हसले. "नाही, बोल. हा काय ऐकतोय."

यशया त्यांच्यापासून तीन हातांवर होता.

"विलायतेहून तार आहे," सुमंत म्हणाले. "के च्या मालात शंभरात अठरा आस आतून चिरलेले निघाले. लढाईतलं भेसळ पोलाद. विकलेल्या आणि विकायच्या मिळून तीनशे गाड्या. परत बोलावल्या की पेपरात येणार. आणि वर्षा-दीड वर्षात सरकार स्वतःच्या मोटारी काढणार आहे, ती ऑर्डर आपल्याला हवी. नाव खराब झालं की ऑर्डर गेली. ऑर्डर गेली की शिवडीला टाळं. अडीच हजार माणसं. त्यात तू एक, मी एक. मला काय हौस आहे?"

"आन् ह्यो भिमाजी?"

"सरकारी मोटारी आल्या की यांची परमिटं जाणार. मग तक्रार करायला खासगीवाला राहतो कुठं? म्हणून माल आत्ताच काढायचा. याला धोरण म्हणतात, गोरक्षा."

गोरक्षनाथ डोकं खाजवत राहिला. "त्ये धोरन झालं. पर तंवर?"

"तोवर शंभरातले ब्याऐंशी चांगले आहेत की."

ग्रीसचा डबा संपला होता. यशयानं दुसरा उघडला. आपण ऐकलं ते त्याला नीट कळलं होतं. शब्द आणि शब्द कळला होता. आता राग येईल म्हणून तो वाट बघत राहिला, जशी माणसं रूळ उखडून नेलेल्या स्टेशनावर गाडीची वाट बघतील. काही आलं नाही. त्याला फक्त एवढं आठवलं की डॉक्टरांनीही आकडाच सांगितला होता. आकडा खोटा नव्हता. रेबेका त्यात बसली नव्हती, इतकंच.

दुपारी दोनला भिमाजी आला, ताशा लावून. त्याच्याबरोबर निम्मं मिरजगाव: म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, डोक्यावर गाठोडी घेतलेले गडी. पहिली फेरी फुकट होती, आणि फुकट म्हटल्यावर ज्यांना नगरला काम नव्हतं तेही आदल्या दिवसापासून चालत येऊन परतीला बसायला तयार होते. भिमाजी दोन जुन्या लॉऱ्यांवर दहा वर्षं झिजला होता. ही त्याची पहिली कोरी गाडी. फेटा इतका मोठा बांधला होता की तो आधी शेडमध्ये शिरला आणि भिमाजी मागून.

"मिस्त्री, वाजवा!" तो म्हणाला.

सुमंतांनी भुवया उंचावल्या. दत्तोपंतांनी त्यांना रीत सांगितली: मिस्त्री हातोडी मारतो, ऐकतो, मगच गिऱ्हाईक सही करतं. सुमंत आधी दचकले आणि मग त्यांना हसू आवरेना. बहिरा माणूस वाजवून बघणार आणि अख्खा जिल्हा त्यावर विसंबणार! नगरच्या लोकांबद्दल त्यांनी बरंच ऐकलं होतं, पण इतकं नाही. "अवश्य," ते म्हणाले. "वाजवू द्या की."

यशयानं डावं चाक काढलं. ताशा थांबला. म्हाताऱ्यांनी तोंडं मिटली. त्यानं हातोडी उचलली आणि आसावर मारली.

टण्ण.

स्वच्छ, लांब, शेवटपर्यंत न तुटणारा आवाज. पुन्हा मारली. टण्ण. हाताच्या बोटांपर्यंत तो आवाज आला असणार, पण बोटांनी काही सांगितलं नाही. कान म्हणत होता, चांगला आहे. सकाळी ऐकलेलं म्हणत होतं, आतली चीर हातोडीला सापडेलच असं नाही. नाहीतर विलायतेतल्या साहेबांना तार कशाला करावी लागती? तिथं काय हातोड्या नाहीत?

तीस-चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"वाजतीय," यशया म्हणाला. खरं होतं ते. आस वाजतच होता.

एकच गलका झाला. भिमाजीनं सही केली, नारळ फुटला, हार चढला, चाकाखाली लिंबं गेली. यशयानं चाक परत बसवलं, नट आवळले, तशी मिरजगावची माणसं टपात चढून बसली. त्याचं काम संपलं होतं. एक शब्द मागितला होता, तो त्यानं दिला होता, आणि तो खोटा नव्हता. आता फडक्याला हात पुसून छबूबाईकडं जायचं, ती देईल ते प्यायचं. कुणी काही म्हणालं नसतं. तो फडकं शोधायला वळलाही.

मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"भिमाजी, पहिल्या फेरीचा मान कंपनीच्या साहेबांचा. त्यांना पुढं बसव."

दत्तोपंतांच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. वर्षभरात यशया एका दमात एवढं बोलला नव्हता. सुमंतांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या लक्षात फक्त 'पुढं बसव' एवढंच आलं.

"व्हय व्हय! माझ्या ध्यानातनंच गेलं," भिमाजी म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हरशेजारची सीट आपल्या उपरण्यानं झटकली. "या साहेब. रुईछत्तीशीला चा घेऊ, मिरजगावात जेवण. शेंगोळ्या केल्यात घरी."

"छे छे, मला आज परत जायचंय."

"सांजच्याला आनून घालतो की."

"नको. तब्येत बरी नाही." सुमंतांनी कपाळ पुसलं. "मला मोटार लागते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी चारजण. मोटार विकणाऱ्या साहेबाला मोटार लागते, ही गोष्ट पुढं नगरच्या बाजारात वीस वर्षं चालली. भिमाजी मात्र हसला नाही. तो जुना गडी होता. बैलबाजारात बैल विकणारा जेव्हा बैलाच्या मागून जात नाही, तेव्हा बैल लाथ मारतो हे त्याला माहीत होतं.

"बरं, मग ह्ये तुमचे फिटर बसत्याल," तो गोरक्षनाथकडं वळला. "या पाव्हनं."

"म्या न्हाई बा," गोरक्षनाथ म्हणाला.

"का?"

"बायकू बाळतीन हाय."

"शिवडीत हाय ना ती? तुमाला मिरजगावात काय हुतंय?"

गोरक्षनाथनं सुमंतांकडं बघितलं, मग खाली बघितलं. ताशेवाल्यानं टिपरू खाली ठेवलं.

"मग मी बसतो," यशया म्हणाला. तो फळीवर पाय ठेवून पुढच्या सीटवर चढला आणि हात मांडीवर ठेवून बसला, चर्चमध्ये उपासनेला बसावं तसा. "बाकीची मंडळी उतरव, भिमाजी. आपण दोघंच जाऊ. शंभरात अठरा फुटतात. ब्याऐंशीत आलो तर परत येऊन यांना नेऊ."

"काय फुटतात?"

"आस. के अक्षराचे. सकाळी साहेब सांगत होते."

सुमंत पांढरे पडले. "याला... याला ऐकू येतं?"

"म्हणजे काय, साहेब?" दत्तोपंत म्हणाले. "जिल्ह्यात याच्यासारखा कान नाही."

"तुम्ही लिहिलंत बधिर आहे म्हणून!"

"मग आहेच की! दुःखानं बधिर हो! मनानं!" आपलं मराठी मुंबईपर्यंत पोचेस्तोवर असं चिरडलं जाईल याची दत्तोपंतांना कल्पना नव्हती. "कानानं असता तर बहिरा लिहिलं नसतं का?"

भिमाजीनं फेटा काढला आणि बॉनेटवर ठेवला. "खाली उतरा समदी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. टपातून गाठोडी खाली आली, पोरं खाली आली, सगळ्यात शेवटी भिमाजीची आई, तिला दोघांनी धरून उतरवलं. ती विचारत होती, मिरजगाव आलं का.

"हे बघा," सुमंत म्हणाले. त्यांना आता बोलण्यावाचून इलाज नव्हता. "तुमच्याच मिस्त्रीनं वाजवून पाहिलंय. वाजतीय म्हणाला ना? मग?"

"म्हणालो," यशया म्हणाला. "वाजतोय. आत काय आहे, ते मला ऐकू येत नाही."

"मग फोडून बघू," भिमाजी म्हणाला.

"नवी गाडी आहे, भिमाजी!"

"माझी हाय. चला मिस्त्री."

यशया खाली उतरला. चाक पुन्हा काढलं, मग डावा आस सोडवला. तासभर लागला. कुणी घरी गेलं नाही. दोन दगडांवर आस आडवा ठेवला. चीर असली तर कुठं असते ते गोरक्षनाथनं, कुणी न विचारता, बोटानं दाखवलं. तिथं यशयानं करवतीनं खाच पाडली आणि घण घेतला. पहिला घाव, दुसरा, तिसरा. सातव्याला आस तुटला.

भिमाजीनं दोन्ही तुकडे उचलून उन्हात धरले. तुटलेली जागा पांढरीशुभ्र होती, दाणेदार, कोरी. जुन्या चिरेत काळपट गंज असतो, त्याचा ठिपकासुद्धा नव्हता. आस चांगला होता.

सुमंतांच्या छातीतून एवढा मोठा सुस्कारा निघाला की दत्तोपंतांच्या हातातल्या कागदांची पानं उलटली. ते पुढं आले, तुकड्याला हात लावून बघितला, आणि हसू लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "बघा! चांदीसारखा! म्हणत होतो मी! उगीच एका चांगल्या मालाचा नाश केलात."

भिमाजीनं तुकडे खाली ठेवले.

"मग मघाशी बसायचं हुतं की, साहेब," तो म्हणाला.

सुमंतांचं हसू थांबलं. त्यांनी मिरजगावच्या माणसांकडं पाहिलं. कुणी चिडलेलं नव्हतं, कुणी दगड उचलला नव्हता. लेकुरवाळ्या पोरांना पाजत होत्या. सगळे नुसते बघत होते. सुमंतांनी मग यशयाकडं पाहिलं, आणि हलक्या आवाजात, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी अगदी हलक्या आवाजात, म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासून कामावर येऊ नका."

यशयानं मान हलवली. आपल्याला काय वाटतंय हे तपासायला तो क्षणभर थांबला. आस चांगला निघाला म्हणून शरम नाही, नोकरी गेली म्हणून धसका नाही, माणसं उतरली म्हणून हायसंही नाही. घणाचा दांडा हातात होता, तो होता एवढंच कळत होतं. त्यानं घण दगडाला टेकून ठेवला. मग जॅक उचलला आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेला.

"तिकडं कुठं, मिस्त्री?" भिमाजीनं विचारलं.

"उजवा राहिलाय," यशया म्हणाला. "कामाचे अजून दोन तास आहेत."